मेंदूचा चित्रकार

माणूस विचार करतो, आठवण ठेवतो, रागावतो, प्रेम करतो. लहानपणी ऐकलेले गाणे त्याला म्हातारपणीही आठवते. एकदा पोहता येऊ लागले की ती विद्या तो सहसा विसरत नाही. मनाचे हे सारे व्यापार शरीरात कोठे व कसे चालतात, हे कोडे मानवाला फार प्राचीन काळापासून पडलेले आहे. मेंदू हे मनाचे स्थान आहे, इतके पुढे कळले; परंतु तो मेंदू आतून कसा घडलेला आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच नीट दिसले नव्हते. ज्याने ते पाहिले आणि स्वतःच्या हाताने कागदावर रेखाटून जगाला दाखवले, त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल. नवलाची गोष्ट अशी, की हाच हात पेन्सिलीपासून दूर ठेवण्यासाठी त्याच्या वडिलांनी एके काळी जिवाचे रान केले होते!

स्पेन देशाच्या उत्तरेस, पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात पेतिया दे आरागोन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १ मे १८५२ रोजी सांतियागोचा जन्म झाला. त्याचे वडील हुस्तो रामोन हे खेडेगावातील शस्त्रवैद्य होते. पदरी पैसा नसताना केवळ कष्टाच्या बळावर ते शिकले होते. आईचे नाव आन्तोनिया काहाल. स्पेनमध्ये वडिलांच्या आडनावापाठोपाठ आईचे आडनाव लावण्याची रीत आहे. त्यामुळे मुलाच्या नावात रामोन आणि काहाल ही दोन्ही कुळे आली. पण जग त्याला ओळखते ते आईच्या आडनावाने.

वडिलांच्या व्यवसायानिमित्त हे कुटुंब गावोगाव फिरत अखेर आयेर्बे या गावी येऊन राहिले. सांतियागोला चित्रे काढण्याचे विलक्षण वेड होते. झाडे, पक्षी, घोडे, सैनिक, जे दिसेल ते तो कागदावर उतरवी. कागद नसेल तर दुसऱ्याच्या भिंतीही त्याला चालत. वडिलांना मात्र हे मुळीच आवडत नसे. चित्रकला म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, त्याने पोट भरत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मुलाने आपल्यासारखे वैद्य व्हावे, ही त्यांची इच्छा. घरात रंग व कागद यांना बंदी झाली. मुलगाही हट्टी! तो भिंतींवरील रंग खरवडून आणी आणि लपूनछपून चित्रे काढी.

एकदा त्याने आपल्याच नावाच्या संताचे, संत सांतियागोचे चित्र रंगवले. मुलाला खरोखरच या कलेत गती आहे काय, याचा निवाडा करून घ्यावा, असे वडिलांच्या मनात आले. त्याच सुमारास चर्चच्या भिंती रंगवण्यासाठी एक कारागीर गावात आला होता. वडील मुलाला व त्याच्या चित्राला घेऊन त्याच्याकडे गेले. कारागिराने चित्र पाहिले आणि ते अगदी टाकाऊ ठरवले. भिंती रंगवणाऱ्या त्या माणसाच्या शब्दावर एका मुलाच्या आवडीचा निकाल लागला. सांतियागो हिरमुसला होऊन घरी परतला. पण पेन्सिल काही त्याच्या हातून सुटली नाही.

शाळेतही त्याचे जमले नाही. हाका येथील शाळेत पाठांतरावर सारा भर होता. अर्थ न समजता शब्दांमागून शब्द घोकणे त्याच्या बुद्धीला मानवत नसे. मग छडी बसे, कोंडून ठेवले जाई, उपाशीही ठेवले जाई. शिक्षा जसजशी वाढली, तसतसा त्याचा हूडपणाही वाढला. अकरा वर्षांचा असताना तर त्याने कमालच केली. लाकडाचा एक ओंडका पोखरून त्याने तोफ तयार केली, तीत दारू व दगड भरले आणि शेजाऱ्याच्या बागेच्या फाटकावर ती डागली! फाटकाचे तुकडे उडाले आणि सांतियागोची रवानगी गावच्या कैदखान्यात झाली. पोराला चांगली अद्दल घडावी म्हणून वडिलांनीही त्याला सोडवण्याची घाई केली नाही. पुढे मुलगा अभ्यासात लक्ष घालत नाही असे पाहून त्यांनी त्याला आधी एका न्हाव्याच्या व नंतर एका चांभाराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले. जोडे शिवण्याच्या कामात मात्र त्याने चांगले कौशल्य मिळवले. हाताचे काम त्याला कधीच जड जात नसे.

१८६८ सालच्या उन्हाळ्यात वडिलांनी एक निराळाच उपाय योजला. मनुष्याच्या शरीराची रचना मुलाला आपणच शिकवावी, असे ठरवून ते सोळा वर्षांच्या सांतियागोला घेऊन एका चांदण्या रात्री गावच्या दफनभूमीत गेले. तेथे उघड्यावर पडलेली जुनी हाडे त्यांनी गोळा करून आणली. त्यांतील एकेक हाड हाती घेऊन वडील त्याचे नाव, आकार व काम समजावून सांगू लागले आणि मुलगा त्या हाडांची चित्रे काढू लागला. पाठांतराला कंटाळणाऱ्या या मुलाच्या ध्यानात हाडांवरचे बारीकसारीक उंचवटे व खाचा अगदी पक्क्या बसल्या, कारण प्रत्येक खाच त्याने आपल्या हाताने रेखाटली होती. ज्या चित्रकलेला वडिलांनी इतकी वर्षे विरोध केला होता, तिचेच त्यांना आता कौतुक वाटू लागले. पितापुत्रांमधील जुना तंटा त्या हाडांच्या ढिगाशी मिटला.

यानंतर सांतियागो सारागोसा येथे वैद्यकाचा अभ्यास करू लागला. तेथे असताना पंजा लढवण्याच्या खेळात एका सहाध्यायाने त्याला हरवले. हा पराभव त्याच्या मनाला फार लागला. त्याने लगेच व्यायामशाळा गाठली आणि नेमाने व्यायाम करून कमावलेले शरीर मिळवले. सरावाने शरीर बदलते, हा धडा तो येथे शिकला. पुढे मेंदूविषयी विचार करताना हाच धडा त्याच्या उपयोगी पडणार होता.

१८७३ साली काहाल वैद्यकीची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या काळी क्यूबा बेटावर स्पेनची सत्ता होती व तेथे युद्ध चालू होते. १८७४ मध्ये लष्करी डॉक्टर म्हणून त्याची तेथे नेमणूक झाली. दलदलीच्या त्या प्रदेशात त्याला हिवतापाने गाठले. प्रकृती पार खालावल्यामुळे १८७५ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे माद्रिद येथे परीक्षेसाठी गेला असता त्याने सूक्ष्मदर्शक यंत्रातून शरीराचे सूक्ष्म घटक पाहिले आणि तो भारून गेला. लष्करातील नोकरीत साठवलेल्या पैशांतून, हप्त्याहप्त्याने किंमत फेडून, त्याने स्वतःसाठी एक सूक्ष्मदर्शक घेतला. स्पेनमध्ये तेव्हा संशोधनाची परंपरा क्षीण होती, साधने तुटपुंजी होती आणि मार्गदर्शक तर जवळजवळ नव्हतेच. काहालने आपल्या राहत्या घरीच प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये त्याला क्षयाने गाठले. त्यातूनही तो बरा झाला. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास हिच्याशी त्याचा विवाह झाला. घरात पैशाची ओढ असतानाही तिने पतीच्या संशोधनाला कधी खीळ पडू दिली नाही.

पुढे काहाल वालेन्सिया येथे प्राध्यापक झाला. १८८५ मध्ये त्या भागात पटकीची भयंकर साथ आली. सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्याला या रोगाचा अभ्यास करण्यास सांगितले. त्याने ते काम इतक्या मनापासून केले, की शासनाने त्याला त्सैस कंपनीचा उत्तम प्रतीचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. पैशांच्या राशीपेक्षाही त्याला ही भेट मोलाची वाटली.

मेंदूच्या अभ्यासात त्या काळी एक मोठी अडचण होती. शरीराचे सर्व भाग पेशींचे बनलेले आहेत, हे शास्त्रज्ञांना माहीत झाले होते. परंतु मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यात तंतूंचा इतका गुंता दिसे, की कोणता तंतू कोठून निघाला व कोठे गेला, हे कळण्यास मार्गच नसे. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ असे मानत, की मेंदूत निरनिराळ्या पेशी सुट्या नसून त्यांचे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे झालेले आहे. हा प्रश्न केवळ तंतूंचा नव्हता. मेंदू हे एकच जाळे असेल, तर एक संदेश एका वाटेने व दुसरा दुसऱ्या वाटेने कसा जातो? नवी विद्या शिकताना मेंदूत बदल तरी कोठे होतो? मनाचे कोडे सुटण्यासाठी आधी हा गुंता सुटणे आवश्यक होते.

हा गुंता सोडवण्याची एक युक्ती इटलीतील शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्येच शोधून काढली होती. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या व नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला, की त्यातील असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी काळ्या होतात. पण ज्या होतात, त्या आपल्या शाखा-उपशाखांसह स्पष्ट दिसतात. घनदाट अरण्यातील बाकीची झाडे अदृश्य व्हावीत आणि एकच वृक्ष मुळापासून शेंड्यापर्यंत उठून दिसावा, तसा हा प्रकार होता. परंतु ही रीत फार लहरी होती. कधी साधे, कधी फसे. म्हणून तिच्याकडे फारसे कोणी वळले नव्हते. १८८७ मध्ये माद्रिद येथे डॉक्टर लुईस सिमार्रो यांच्या घरी काहालने या रीतीने रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने रेखाटल्यासारख्या त्या काळ्याभोर आकृती पाहून त्याच्यातील शास्त्रज्ञ व चित्रकार दोघेही एकदम जागे झाले. याच कामाला आयुष्य वाहायचे, असा त्याने निश्चय केला.

त्याच वर्षी तो बार्सेलोना येथे प्राध्यापक म्हणून गेला. तेथे त्याला बुद्धिबळाचे असे काही व्यसन लागले, की रात्री स्वप्नांतही त्याला डाव दिसू लागले. या खेळात आपली शक्ती वाया जात आहे, हे ध्यानी येताच त्याने तो खेळ सोडला आणि पुढे कित्येक वर्षे पटाला हात लावला नाही. आता सारा वेळ मेंदूचा होता. गोल्जींच्या रीतीत त्याने सुधारणा केल्या. तुकडा दोनदा द्रावणातून काढला, तर रंग अधिक चांगला बसतो, हे त्याने पाहिले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्याने पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी पक्ष्यांच्या अंड्यांतील गर्भ आणि नुकतेच जन्मलेले प्राणी अभ्यासासाठी घेतले. पारंब्यांनी वेढलेल्या जुन्या वडाची मूळ रचना ओळखणे कठीण. पण कोवळे रोप पाहिले, तर त्याची प्रत्येक फांदी मोजता येते. काहालचा विचार नेमका हाच होता.

तासन् तास तो सूक्ष्मदर्शकातून पाही. मग जे दिसले ते मनात साठवून कागदावर उतरवी, पुन्हा यंत्रातून पाही आणि चित्र ताडून घेई. शेवटी, १८८८ साली, पक्ष्यांच्या मेंदूतील अनुमस्तिष्क नावाचा भाग पाहताना त्याला सत्य उमगले. एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत जातो, तिला वेलीसारखा विळखा घालतो, तिच्या अगदी निकट येतो. पण तिच्यात मिसळून जात नाही. मेंदू हे अखंड जाळे नव्हे. तो असंख्य स्वतंत्र पेशींचा समाज आहे, आणि या पेशी एकमेकींच्या निकट राहून संदेशांची देवघेव करतात.

शोध तर लागला. पण तो ऐकणार कोण? स्पेनमधील शास्त्राकडे त्या काळी युरोपातील विद्वानांचे लक्ष नसे. स्पॅनिश भाषा येणारे शास्त्रज्ञही थोडेच. काहालने मे १८८८ मध्ये स्वतःचे पैसे खर्चून स्वतःचे नियतकालिक काढले. लेख त्याचेच, चित्रेही त्याचीच. पहिल्या अंकाच्या अवघ्या ६० प्रती निघाल्या. त्यांतील बहुतेक त्याने परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. कोणी दखल घेतली नाही. तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबर महिन्यात आपला सूक्ष्मदर्शक व काचपट्ट्या घेऊन तो स्वतःच बर्लिनला गेला. तेथे शरीररचनाशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तुटक्या फ्रेंच भाषेत बोलत, एकेकाला हाताला धरून तो आपल्या यंत्राजवळ नेऊ लागला. प्रथम अनेकांच्या मुद्रेवर अविश्वास होता. पण यंत्रातून पाहताच तो मावळला. त्या काळचे थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट कोलिकर हेही तेथे होते. ते तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि आजवर जाळ्याचेच मत मानत आले होते. समोरचा पुरावा पाहताच त्यांनी आपले मत मोकळ्या मनाने बदलले. एवढेच नव्हे, तर काहालचे लेख मुळातून वाचता यावेत, म्हणून या वयोवृद्ध विद्वानाने स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला. सत्यापुढे नम्र होणे हेच खऱ्या विद्वत्तेचे लक्षण होय.

यानंतर काहालचे नाव सर्वत्र झाले. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या मज्जापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. संदेश मज्जापेशीच्या फांद्यांसारख्या शाखांतून आत येतो, पेशीच्या मुख्य भागातून पुढे जातो आणि तिच्या लांब तंतूतून दुसऱ्या पेशीकडे पोहोचतो, हा नियमही काहालने मांडला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मानाचे व्याख्यान देण्यास बोलावले. त्याच काळात त्याने एक मोठा विचार मांडला. व्यायामाने जसे शरीर सुधारते, तसे बुद्धीच्या व्यायामाने मज्जापेशींमधील संबंध वाढत असले पाहिजेत. वादक रोज रियाज करतो, तेव्हा केवळ त्याची बोटेच तयार होत नाहीत, तर बोटांना आज्ञा देणाऱ्या पेशींच्या शाखाही वाढतात व त्यांचे संबंध दृढ होतात, असे त्याचे अनुमान होते. पेशी सुट्या आहेत, म्हणूनच त्यांचे संबंध बदलू शकतात. आणि संबंध बदलू शकतात, म्हणूनच माणूस शिकू शकतो. व्यायामशाळेत घाम गाळणारा विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसलेला शास्त्रज्ञ यांची येथे जणू गाठ पडली.

१९०६ साली नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी या दोघांना मिळून देण्यात आले. याआधी, बर्लिनहून परत येताना, काहाल गोल्जींना भेटण्यासाठी मुद्दाम पाव्हिया या त्यांच्या गावी गेला होता. पण ते बाहेरगावी असल्यामुळे भेट झाली नव्हती. आता स्टॉकहोम येथे दोघे समोरासमोर आले. प्रसंग मोठा विलक्षण होता. ज्यांच्या रीतीने हा शोध लागला, त्या गोल्जींना तो शोधच मान्य नव्हता! ११ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या व्याख्यानात स्वतंत्र पेशींच्या सिद्धांतावर टीका केली आणि जाळ्याचाच पक्ष उचलून धरला. दुसऱ्या दिवशी काहालचे व्याख्यान झाले. अपमानाला अपमानाने उत्तर देणे त्याला अशक्य नव्हते. पण त्याने गोल्जींच्या कार्याचा आदराने उल्लेख केला आणि मग एकामागून एक आपले पुरावे मांडले. वादात आवाज चढवण्यापेक्षा पुरावा मांडणे अधिक प्रभावी असते, हे त्याला ठाऊक होते.

मानसन्मान मिळाले, तरी काहालचा दिनक्रम पालटला नाही. शिक्षणमंत्र्याचे पद त्याला देऊ करण्यात आले होते. ते त्याने नाकारले. माद्रिद येथील प्रयोगशाळेत त्याने अनेक तरुण शिष्य तयार केले. ज्या देशात स्वतःला मार्गदर्शक मिळाला नव्हता, त्याच देशात तो अनेकांचा मार्गदर्शक झाला. अखेरपर्यंत त्याचे लेखन व संशोधन चालू होते. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, माद्रिद येथे त्याचे निधन झाले.

दोन पेशींमधील फट काहालला प्रत्यक्ष दिसणे शक्य नव्हते. ती एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी लहान असते. १९५० नंतरच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवली आणि काहालचे म्हणणे खरे ठरले. काही थोड्या ठिकाणी पेशी अतिसूक्ष्म मार्गांनी थेट जोडलेल्या असतात, असेही पुढे आढळले. पण त्याही स्वतंत्र पेशीच असतात. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. नवी गोष्ट शिकताना व तिचा सराव करताना त्यांच्यामधील संधिस्थाने बळावतात, काही नव्याने तयार होतात, तर न वापरलेली क्षीण होतात, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. चांगली सवय लागणे, वाईट सवय सुटणे, अपघातानंतर पुन्हा बोलावयास शिकणे, यांमागील कारणे याच वाटेने शोधली जात आहेत. मनाचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. परंतु त्याची पहिली गाठ काहालने सोडवली.

२०१७ साली काहाल व त्याच्या शिष्यांच्या कागदपत्रांचा समावेश युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात केला. त्यांत काहालने काढलेली चित्रेही आहेत. आजही मज्जाशास्त्राच्या ग्रंथांतून ती छापली जातात. एका खेडेगावात जो हात चित्रकलेला नालायक ठरवला गेला, त्याच हाताने ती काढलेली आहेत. वडिलांनी शिकवलेली शिस्त आणि मुलाने जपलेली आवड या दोन्ही गोष्टी त्या हातात एकत्र आल्या, आणि जेथे इतरांना नुसता गुंता दिसत होता, तेथे त्याला एकेक पेशी स्पष्ट दिसली.